औषधशास्त्रातील दोन ‘डॉक्टर’

‘डॉक्टर’ हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की, तो उच्चारताच गळ्यात नळी अडकवलेली व्यक्ती डोळ्यांपुढे उभी राहते. मूळ लॅटिनमध्ये मात्र त्याचा अर्थ शिकविणारा, आचार्य, असा आहे आणि विद्यापीठांनी तो त्याच अर्थाने घेतला. औषधशास्त्रात, म्हणजे फार्मसीत, आज अशा दोन पदव्या आहेत : फार्म.डी. आणि पीएच.डी. दोहोंच्या नावात ‘डॉक्टर’ आहे. पण दोहोंपैकी एकीनेही रोग्याला तपासून औषध लिहून देण्याचा अधिकार मिळत नाही. मग या पदव्या कशासाठी, आणि त्यांत अंतर काय, हे मुलामुलींना या मार्गाला लावणाऱ्या आईबापांनी नीट समजून घ्यावे, म्हणून हा प्रपंच. आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. हुद्द्याचे नाव कानी आले की आमचा पहिला प्रश्न असतो : याचे काम कोणते, आणि जबाबदारी कोणती?

आपल्या देशात औषधशास्त्राचे विद्यापीठीय शिक्षण १९३२ साली काशीच्या हिंदू विद्यापीठात महादेव लाल श्रॉफ यांनी सुरू केले. १९४८ च्या फार्मसी कायद्याने भारतीय फार्मसी परिषद स्थापन होण्याचा मार्ग मोकळा केला. त्या काळी औषधशास्त्र म्हणजे प्रामुख्याने औषध तयार करण्याची विद्या होती. पुढे औषधे कारखान्यांत बनू लागली, आणि त्यांची संख्या व त्यांचे एकमेकांत होणारे झगडे वाढले. तेव्हा ‘औषध घेणाऱ्या माणसाकडे कोण पाहणार?’ हा प्रश्न उभा राहिला. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९५० मध्येच फार्म.डी. सुरू केली होती. आपल्याकडे ती परिषदेने २००८ साली आणली.

आता दोन्ही मार्ग पाहू. फार्म.डी. बारावीनंतर सहा वर्षांची आहे : पाच वर्षे अध्ययन, आणि सहावे वर्ष संपूर्ण रुग्णालयात. या सहाव्या वर्षात सहा महिने सामान्य औषधोपचार विभागात, आणि उरलेले सहा महिने इतर तीन विभागांत प्रत्येकी दोन महिने, असे काम करावे लागते. बी.फार्म. झालेल्यास हीच पदवी तीन वर्षांत घेता येते. पीएच.डी.चा रस्ता लांब. बी.फार्म.ची चार वर्षे, एम.फार्म.ची दोन, आणि त्यावर संशोधनाची किमान तीन, म्हणजे बारावीनंतर नऊ वर्षे तरी झालीच. येथे ठरलेला अभ्यासक्रम थोडा. विद्यार्थ्याने एक प्रश्न निवडायचा, मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली त्याचा पाठपुरावा करायचा, आणि पूर्वी कोणाला ठाऊक नव्हते असे काही प्रबंधातून सिद्ध करायचे. फार्म.डी. झालेल्यालाही पुढे पीएच.डी. करता येते. यावरूनच दिसेल की एक पदवी दुसरीची जागा घेत नाही.

विदर्भातला दाखला घ्या. सिकलसेल हा आपल्या भागातल्या कित्येक घरांना छळणारा रोग. त्यावर हायड्रॉक्सीयुरिया हे औषध देतात. ते बहुधा कॅप्सूलमध्ये मिळते, आणि लहान मुलाला तर वजनाप्रमाणे मोजून द्यावे लागते. त्याचे टिकाऊ पातळ औषध कसे करावे, ते उष्णतेने बिघडेल काय, हे प्रश्न पीएच.डी.वाल्याचे, तो प्रयोगशाळेत बसून त्यांचा निकाल लावील. याच मुलाला गोळी रोज मिळते काय, रक्ताची तपासणी वेळेवर होते काय, दुसऱ्या दवाखान्यातून आणलेले औषध त्यात मिसळत नाही ना, आईला मात्रा समजली आहे काय, हे प्रश्न फार्म.डी.वाल्याचे. पहिल्याचे उत्तर हजारो मुलांच्या उपयोगी पडते. दुसऱ्याचे उत्तर समोरच्या एका मुलाला तारते. यांत थोर कोण आणि धाकटे कोण, हा वाद निरर्थक आहे.

ही दोन्ही कामे नीट न झाल्यास काय होते, ते नागपूरने अलीकडेच पाहिले. २०२५ च्या पावसाळ्याअखेर शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यातील लहान मुले मूत्रपिंडे निकामी होऊन नागपूरच्या रुग्णालयांत येऊ लागली. वीसहून अधिक मुले दगावली. त्यांना दिलेल्या खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष ४८.६ टक्के निघाले. चालू शकणारी मर्यादा ०.१ टक्का आहे. हा धडा नवा नव्हता. याच विषाने भेसळलेल्या ग्लिसरीनमुळे १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण दगावले होते, आणि त्यावर लेंटिन आयोग बसला होता. कारखान्यात आलेला कच्चा माल तपासणारा रसायनज्ञ हवा, आणि रुग्णाच्या उशाशी ‘याआधी कोणते औषध घेतले?’ असे विचारून त्याची नोंद वर कळवणाराही हवा. दोहोंपैकी एक पहारा जरी जागा असला, तरी कित्येक घरे वाचतील.

येथे आमच्या व्यवसायाचा प्रश्न येतो. पदवी हे समाजाने विद्यार्थ्याला दिलेले वचन असते. त्या विद्येला जागा देऊ, असे ते वचन. पीएच.डी.ला महाविद्यालये, प्रयोगशाळा आणि कारखाने जागा देतात, ती पुरेशी नसली तरी. फार्म.डी.ची खरी जागा रुग्णालयातील खाटेपाशी आहे, आणि तेथे अशी पदे अजून फार थोडी आहेत. म्हणून कित्येक पदवीधर औषधकंपन्यांच्या कचेऱ्यांत नोंदी करीत बसतात, किंवा परदेशाची वाट धरतात. सहा वर्षांचे शुल्क भरणाऱ्या बापाने हे आधी जाणून घ्यावे. प्रवेशापूर्वी महाविद्यालयाला तीन गोष्टी विचाराव्या : परिषदेची मान्यता आहे काय, जोडलेले रुग्णालय कोणते, आणि तेथे विद्यार्थ्याला खरोखर रोग्यापाशी उभे करतात काय. ज्याला माणसांत राहून काम करायला आवडते त्याने फार्म.डी. घ्यावी, ज्याला एका प्रश्नापाशी वर्षानुवर्षे बसवते त्याने पीएच.डी.चा विचार करावा.

आणि आपण नागरिकांनी? आपल्या मेडिकलमध्ये, मेयोमध्ये आणि जिल्ह्याजिल्ह्याच्या रुग्णालयांत औषधतज्ज्ञाचे पद मंजूर करून भरावे, अशी मागणी आपण केली पाहिजे. ही मागणी एकट्या पदवीधरांची नाही. त्या खाटेवर उद्या आपले कोणी असेल, म्हणून ती आपलीही आहे.