तक्त्यात न मावणारा कोयता

दिवाळी अंक हाती पडतो त्या सुमारास बीड जिल्ह्यातली गावं रिकामी होऊ लागतात. नवरा-बायकोची जोडी, म्हणजे 'एक कोयता', मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेऊन ऊसतोडीला निघते. शेअर बाजारातल्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल तेव्हा नुकतेच येऊन गेलेले असतात आणि त्यांतलं शाश्वततेचं प्रकरण दरवर्षी जाड होत चाललंय. त्या प्रकरणात कोयता कुठे सापडतो का, हे मी शोधत असतो.

भांडवली बाजाराची नियामक असलेल्या 'सेबी'नं मे २०२१ मध्ये शाश्वतता अहवालाचा 'बीआरएसआर' हा नमुना आणला. २०२२-२३ पासून बाजारमूल्यानं पहिल्या १,००० कंपन्यांना तो सक्तीचा झाला. त्यात सुरुवातीलाच एक तक्ता आहे. कंपनीसाठी 'मटेरियल' मुद्दे कोणते (आपल्याकडे मटेरियल म्हटलं की वाळू-सिमेंट, इथं अर्थ 'ज्यानं खरंच फरक पडतो ते'), तो मुद्दा जोखीम की संधी, तसं का वाटतं, जोखीम असेल तर उपाय काय, आणि पैशाच्या हिशेबात परिणाम कोणता. सगळी मेख पहिल्या रकान्यात आहे. तिथं जे उतरलंच नाही, त्याबद्दल पुढचे रकाने काही विचारत नाहीत.

फरक पडायचा तो कोणाला? इथं अहवाल-मानकांची दोन घराणी आहेत. १९९७ साली सुरू झालेल्या 'जीआरआय' या मानकसंस्थेचं म्हणणं, कंपनीमुळे माणसांचं आणि निसर्गाचं काय होतं ते सांगा. 'आयएसएसबी' या मानकमंडळानं जून २०२३ मध्ये काढलेली मानकं विचारतात, यानं गुंतवणूकदाराचं काय होईल. युरोपनं दोन्ही प्रश्न एकत्र विचारायचं ठरवलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वतःच दोर सैल करायला घेतला. आपला तक्ता धंद्यापुढची जोखीम आणि संधी विचारतो. माणसांचं काय, ते पुढच्या प्रकरणांत येतं.

मुद्दे ठरवायची रीत साधारण एकच. उद्योगाला लागू पडणारी यादी घ्यायची, कर्मचारी, गुंतवणूकदार, पुरवठादार यांच्याकडे प्रश्नावली फिरवायची, उत्तरं आलेखावर मांडायची. उजवीकडे वरच्या कोपऱ्यात जमलेले ठिपके मटेरियल. ऊसतोड्याच्या कोपीपर्यंत, म्हणजे झोपडीपर्यंत, अशी प्रश्नावली पोचल्याचं मी तरी वाचलेलं नाही.

त्या कोपीत काय आहे, हे सरकारलाच ठाऊक आहे. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे बीडच्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी आली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती, म्हणजे सहातल्या एकीचं. पाळीत किंवा पोटदुखीनं एक दिवस बुडाला की खाडा पडतो, म्हणजे दंड बसतो, उचल फिटायची लांबते. त्यापेक्षा पिशवीच काढून टाकलेली बरी, असा तो हिशेब. २०२४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स' आणि 'फुलर प्रोजेक्ट' या वृत्तसंस्थेनं या साखरेचा माग काढला, तो कोका-कोला आणि पेप्सीच्या पुरवठ्यापर्यंत गेला.

आता तक्ता पुन्हा उघडू. सहकारी कारखाना बाजारात नोंदलेला नसतो, त्याला 'बीआरएसआर' लागूच नाही. खासगी कारखाना नोंदलेला असला, तरी तोडणीवाला त्याच्या पटावर नसतो; मध्ये मुकादम. मग साखर घेणारी मोठी कंपनी उरते. तिच्या पुरवठा साखळीची माहिती देण्याचं बंधन 'सेबी'नं जुलै २०२३ मध्ये आखलं होतं. मार्च २०२५ च्या परिपत्रकानं ते ऐच्छिक झालं, तेही एकूण खरेदी-विक्रीत २ टक्के किंवा त्याहून जास्त वाटा असलेल्या भागीदारांपुरतं. व्यापाऱ्यांमार्फत थोडी थोडी साखर उचलणाऱ्याला ही चाळणी फारशी अडवत नाही. नियम करणाऱ्यांनी ही पळवाट मुद्दाम ठेवली, असं मी म्हणणार नाही. पण ती दिसत नव्हती, हेही पटत नाही.

त्याच नमुन्यात कामगारांच्या दुखापतींचाही रकाना आहे: कामाच्या दर दहा लाख तासांमागे, काम बुडवणाऱ्या दुखापती किती. ऊसतोडीत बुडालेल्या दिवसाची नोंदही काटेकोर होते, पण मुकादमाच्या वहीत, खाडा म्हणून, आणि दंडाची रक्कम बाईच्या नावावर चढते.