आदिलाबादच्या सीमारेषा

जिल्ह्याची सीमा ही सरकारी नकाशावरची एक रेषा असते. पण जमिनीच्या उताऱ्यासाठी वा एखाद्या दाखल्यासाठी डोंगर ओलांडून कचेरी गाठावी लागते, तेव्हा त्या रेषेचे मोल सामान्य माणसास कळते. तेलंगणच्या उत्तर टोकावरील आदिलाबादच्या वाट्याला अशा रेषा वारंवार आल्या. तिसऱ्या जिल्ह्याचा विषय आपल्या गोव्यातही दीर्घकाळ चर्चिला गेल्यामुळे तेथील अनुभव जाणून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मूळचा आदिलाबाद जिल्हा सोळा हजार चौरस किलोमीटरांहून मोठा, म्हणजे ३,७०२ चौरस किलोमीटरांच्या गोव्याच्या चौपटीहून अधिक. उत्तरेस पैनगंगा व वर्धा, पूर्वेस प्राणहिता, दक्षिणेस गोदावरी आणि मधोमध सातमाळ्याची रांग. सपाटीवर कापसाची काळी जमीन, पूर्वेकडे सिंगरेणीच्या कोळशाच्या खाणी आणि डोंगरांत सागाची अरण्ये. या अरण्यांत गोंड, कोलाम व परधान पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. १९०५ मध्ये निजामाच्या राजवटीत हा स्वतंत्र जिल्हा झाला. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत किनवट व राजुरा हे भाग त्यातून निघून मराठी मुलखास जोडले गेले. तरीही आदिलाबादहून मुदखेडकडे जाणारी आगगाडी किनवटवरूनच जाते आणि आदिलाबादच्या बाजारात मराठी आजही परकी नाही. केरामेरी व जिवती यांच्या दरम्यानच्या १४ गावांवर तर दोन्ही राज्यांनी हक्क सांगितला. तेथील लोकांची नावे वर्षानुवर्षे दोन्हीकडच्या मतदारयाद्यांत राहिली.

१९८५ मध्ये तालुक्यांच्या जागी लहान मंडले आली. पुढे ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जिल्ह्याचेच चार भाग झाले : आदिलाबाद, निर्मल, मंचेरियल आणि कोमरम भीम आसिफाबाद. उरलेला आदिलाबाद ४,१५३ चौरस किलोमीटरांचा, म्हणजे अजूनही गोव्याहून मोठाच आहे. त्याचे आदिलाबाद व उटनूर असे दोन महसूल विभाग आहेत. जुने मुख्यालय वायव्येच्या कोपऱ्यात होते. पूर्वेकडील रहिवाशास तेथे पोहोचण्यास सारा डोंगराळ प्रदेश पार करावा लागे. त्या दृष्टीने हे विभाजन योग्यच होते, याविषयी आमच्या मनात शंका नाही.

परंतु कचेरी जवळ आली तरी समाज विभागला जातो, हेही विसरून चालणार नाही. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेसाठी मेस्राम कुळातील गोंड गोदावरीचे पाणी पायी चालत आणतात. देवस्थान आदिलाबाद जिल्ह्यात, तर पाण्याचे ठिकाण जन्नारमनजीक मंचेरियल जिल्ह्यात! निजामाशी झुंजताना १९४० मध्ये कोमरम भीम जेथे धारातीर्थी पडले, ते जोडेघाट आसिफाबादकडे गेले. आणि २० एप्रिल १९८१ रोजी जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या आदिवासींवर जेथे गोळीबार झाला, ते इंद्रवेल्ली आदिलाबादकडे राहिले. कदम नदी कुंतल्याच्या धबधब्यावरून उडी घेते एका जिल्ह्यात आणि धरणाने अडविली जाते दुसऱ्या जिल्ह्यात.

एक गोष्ट मात्र शासनाने शहाणपणाची केली. उटनूर येथील आदिवासी विकास संस्थेचे तुकडे न करता चारही जिल्ह्यांचे काम तिच्याकडेच ठेवले. मात्र चार जिल्हाधिकाऱ्यांच्या मर्जीवर चालणारी संस्था दुबळी होण्यास वेळ लागत नाही. तिला पुरेसा निधी, पुरेसे कर्मचारी आणि जमिनीच्या प्रश्नात वजन असणे अत्यावश्यक आहे. इंद्रवेल्लीत रक्त सांडले ते जमिनीपायीच, हे कोणत्याही जिल्हाधिकाऱ्याने नजरेआड करू नये.

गोव्यानेही यातून बोध घ्यावा. सीमा आखताना अंतर मोजावेच. पण नदी कोठून कोठे वाहते, जत्रेची वाट कोठून जाते आणि वेळीप-गावडा-कुणबी समाजाची वस्ती कशी पसरली आहे, हेही पाहावे. रेषा आखणे सोपे असते. तिच्या दोन्ही बाजूंच्या माणसांना एकत्र बांधणारी व्यवस्था उभी करणे, हेच खरे राज्यकारभाराचे काम होय.