झाड छाटणारा आणि त्याचे गिऱ्हाईक

मंडळी, तुमच्या गावातला एखादा मुलगा मुंबईकडे गेलेला असेल, आणि तो तिथे काय करतो असे कुणी विचारले तर घरची माणसे सांगत असतील, "झाडं छाटायच्या कामावर आहे." गावात होता तेव्हा आंबे उतरवायला, नारळ पाडायला, राबासाठी कवळ तोडायला तो झाडावर चढत असे. तेच कसब शहरात कामी आले. दोनचार वर्षे दुसऱ्याच्या हाताखाली काढली, मग स्वतःचा दोर, करवत, कोयता, जोडीला तीन गडी आणि लागेल तेव्हा भाड्याचा टेंपो, असा तो लहानसा कंत्राटदार झाला. झाडावर कसे चढावे हे त्याला कुणी शिकवायला नको. त्याचे अडते ते खाली उतरल्यावर, गिऱ्हाइकाशी बोलताना. आजचे बोलणे त्याविषयी आहे.

उदाहरणाला भाईंदर पूर्वेचा जेसल पार्क घेऊ. भाईंदर स्टेशनापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर, वसईच्या खाडीच्या काठाला ही वस्ती आहे. भाईंदर म्हटले की जुन्या माणसांना मिठागरे आठवतात. आता इमारतीला लागून इमारत उभी आहे. इमारती बांधल्या तेव्हा आवारात हौसेने गुलमोहर, बदाम, नारळ लावले. ती रोपे आज तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत डोकावतात. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ मुंबईच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा या पट्ट्यात जागोजाग झाडे आणि फांद्या कोसळल्या. ते ज्यांनी पाहिले, त्यांच्या छातीत वारा सुटला की धडकी भरते. म्हणून वैशाख लागला की झाडे छाटणाऱ्याचा फोन वाजू लागतो.

आता गिऱ्हाईक काय म्हणते? "भाऊ, हे झाड जरा छाटून टाका. किती घ्याल?" आणि आपला गडी वर एकदा बघतो आणि आकडा सांगतो. भांडणाचे बी इथेच पेरले जाते. कारण "जरा" म्हणजे किती, हे दोघांच्या मनात वेगवेगळे असते. संध्याकाळी एक म्हणतो, एवढे कुठे सांगितले होते. दुसरा म्हणतो, एवढ्याच पैशात आणखी काय काय करू. कापड जास्त कापले गेले तर शिंपी ठिगळ लावील. फांदीला ठिगळ नाही.

तेव्हा पहिला प्रश्न "किती तोडू?" हा नसावा. "काका, त्रास नेमका कशाचा होतो?" असे विचारावे आणि मग गप्प राहून ऐकावे. कुणाला घरात उजेड हवा असतो. कुणाच्या पत्र्यावर फांदी घासून रात्रभर आवाज होतो. कुणाच्या पन्हळीत पाला साचतो. पुष्कळांना नुसती भीती वाटत असते, आणि भ्यालेला माणूस चिडखोर बोलतो, हे आपण घरातही पाहतो. त्रास एकदा कळला की फार वेळा असे निघते की झाड तोडायचे कारणच नाही. दोन फांद्या काढल्या की काम भागते. तुम्ही म्हणाल, यात कंत्राटदाराचा धंदा बुडाला. तसे नाही. दोन फांद्यांवर ज्याचे समाधान झाले तो पुढच्या वर्षी त्याच माणसाला बोलावतो.

सर्वांत अवघड गिऱ्हाईक म्हणजे "पार मुंडण करून टाका" म्हणणारे. त्याच्याशी वाद घालू नये, पण मुकाट्याने ऐकूही नये. त्याला झाडाचे गणित सांगावे. पाने म्हणजे झाडाची चूल. सगळी पाने उतरवली की झाड उपाशी पडते आणि जीव वाचवायला कापल्या जागेजवळून धुमाऱ्यांचे झुबके फोडते. हे धुमारे उंच झपाट्याने वाढतात, पण त्यांचा सांधा जुन्या फांदीसारखा आतपर्यंत मुरलेला नसतो. साल आणि वरचे लाकूड एवढ्यावरच ते उभे असतात. थोड्याच वर्षांत झाड पूर्वीइतके उंच होते आणि वाऱ्यात पहिल्याने मोडतात ते हेच धुमारे. मग तेच गिऱ्हाईक म्हणते, "तुम्ही छाटलेलं झाड पडलं." म्हणून एका वेळी पानोऱ्याच्या चौथाईहून अधिक काढू नये, ही मर्यादा स्वतः पाळावी आणि गिऱ्हाइकालाही आधी सांगावी.

कापायचे कसे, हेही सांगितलेले बरे. जाड फांदी बुंध्यापासून हातभर अंतरावर आधी खालून थोडी कापायची, मग त्याच्या थोडे पुढे वरून; म्हणजे फांदी पडताना खोडाची साल सोलत जात नाही. उरलेला खुंट शेवटी काढायचा, पण फांदीच्या बुडाशी जी फुगीर कड असते तिच्या बाहेरून. ती कड राहिली तर जखम भरून येते. गिऱ्हाईक खालून ओरडते, "अहो, खोडाला लागून साफ करा, गाठ कशाला ठेवली?" तेव्हा खाली उतरून त्याला ती कड बोटाने दाखवावी. कुणी म्हणतो, कापल्या जागी डांबर फासा. अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडे चिरून पाहिली आणि दाखवून दिले की अशा लेपाने आतली कूज थांबत नाही. झाड स्वतःच जखमेभोवती आतून भिंत घालते. हे एकदा सांगावे. तरी कुणी हट्टच धरला तर एवढ्यासाठी भांडत बसू नये.

सोसायटीची गोष्ट आणखी निराळी आहे. तिथे झाड एक आणि धनी वीस. पहिल्या मजल्यावरच्या आजींना उजेड पाहिजे, तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना सावली पाहिजे, आणि तळमजल्यावरचा दुकानदार म्हणतो पाटी दिसत नाही. गडी वर चढला की तीन खिडक्यांतून तीन हुकूम सुटतात. यावर उपाय एकच: हुकूम एका माणसाचा. सोसायटीच्या कमिटीचा ठराव, सेक्रेटरींची सही, आणि कामाच्या दिवशी खाली उभा राहणारा एक माणूस ठरवून घ्यावा. बाकीच्यांना नम्रपणे सांगावे, "वहिनी, तुमचं म्हणणं बरोबर असेल, पण मला सेक्रेटरी साहेबांनी सांगितल्याशिवाय करवत लावता येत नाही." झाडावरून मात्र कुणालाही उत्तर देऊ नये. वरून दिलेले साधे उत्तरही खाली उद्धट ऐकू येते.

आणि ज्या फांद्या कापायच्या त्यांना आदल्या दिवशी गेरूची खूण करावी. उंचावर हात पोचत नसेल तर मोबाइलवर फोटो काढून त्यावर रेघ ओढावी आणि तो सेक्रेटरींना पाठवून "ठीक आहे" असे उत्तर मागावे. त्याच वेळी कंपाउंडची भिंत, खिडकीची जाळी, कुंड्या, उभ्या मोटारी यांचेही फोटो घ्यावेत. भिंतीची चीर जुनी की आजची, हा वाद त्या एका फोटोने मिटतो.

आता परवान्याकडे येऊ, कारण इथे नुसते पैसे नव्हे, माणूसच गोत्यात येतो. शहरांसाठी महाराष्ट्रात १९७५ सालचा झाडांच्या संरक्षणाचा व जतनाचा कायदा आहे. मीरा-भाईंदरची महानगरपालिका २८ फेब्रुवारी २००२ रोजी झाली. तिच्या हद्दीत झाड तोडायचे तर वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. चौकशी होते, झाडावर नोटीस लावून लोकांच्या हरकती मागवल्या जातात. या कायद्यात "तोडणे" या शब्दात झाड जाळणे, कापणे आणि कोणत्याही तऱ्हेने त्याला इजा करणे हे सगळे येते. तेव्हा "छाटणीच तर आहे" म्हणून सुटका होत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे आणि त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून आणखी संरक्षण दिले आहे.

गिऱ्हाईक म्हणते, "परवानगीचं आम्ही बघून घेऊ, तुम्ही चालू करा." या धंद्यात याहून घातक वाक्य मी ऐकलेले नाही. कायदा झाड तोडवून घेणाऱ्याला धरतो तसाच तोडणाऱ्यालाही धरतो, आणि शेजारच्या इमारतीतून कुणी फोन केला की करवतीसह सापडतो तो दोरावरचा गडी. सेक्रेटरी साहेब त्या वेळी कचेरीत असतात. म्हणून सांगावे, "साहेब, कागद हातात आला की दुसऱ्या दिवशी मी दारात हजर. तोवर तुमची तारीख राखून ठेवतो." काम हातचे गेले तर जाऊ द्यावे. कागद आला की त्याची प्रत खिशात ठेवावी. शेजारी ओरडत आला तर आधी करवत बंद करावी, खाली यावे आणि प्रत त्याच्या हातात द्यावी. चालू करवतीसमोर दोन माणसांचे बोलणे कधी गोडीने झाले आहे काय?

दोन कामे मात्र कितीही पैसे मिळाले तरी घेऊ नयेत. जेसल पार्कच्या बाजूला खाडीलगत जी खारफुटी आहे, आपण तिला तिवरे किंवा कांदळवन म्हणतो, ती "खाडी दिसत नाही" म्हणून कुणी छाटायला सांगेल. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली राज्यभर कांदळवनाच्या तोडीला मनाई केली आणि २०१८ च्या निकालाने ती कायम केली. तिथे कोयता लावायचाच नाही. दुसरे, फांदीवर घरटे आणि त्यात अंडी किंवा पिले असतील तर थांबायचे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात रानपाखरांच्या अंड्यांना व घरट्यांना धक्का लावणे ही शिकारच धरली आहे. गिऱ्हाइकाला कायदा रुचला नाही तरी पिले दाखवली की बहुधा तो थोडे दिवस थांबतो. मुले त्या घरात असली तर थांबतोच.

घाई करणारे गिऱ्हाईकही असते. आभाळ भरून आले आहे, फांदी ओली आहे, आणि खालून आवाज येतो, "आजच संपवा, उद्या पाहुणे येणार आहेत." इथे कंत्राटदाराने आपल्या गड्याचा विचार आधी करावा. भरपाईच्या कायद्याप्रमाणे कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी ज्याने माणूस कामावर ठेवला त्याच्यावर येते, म्हणजे या आपल्या लहान कंत्राटदारावर. कायदा राहू द्या बाजूला. गड्याची आई आपल्याच गावात राहते. ओल्या फांदीवर माणूस चढवायचा नाही. विजेची तार जवळ असेल तर वीज कंपनीने प्रवाह बंद केल्याशिवाय हात लावायचा नाही. "पाऊस उघडल्यावर त्याच पैशात पुरं करून देतो," एवढे बोलून दोर गुंडाळावा.

राहिले पैसे. उक्ते काम घेताना चार गोष्टी आधीच बोलून घ्याव्यात: पाला आणि फांद्या कोण उचलणार, टेंपोचे भाडे कुणाचे, लाकूड कुणाचे, आणि बुडखा काढायचा की तसाच ठेवायचा. लाकडावरून फार भांडणे होतात. गिऱ्हाइकाला वाटते लाकूड नेले म्हणजे पैसे कमी द्यावेत. गड्याने भाव सांगतानाच ते धरलेले असते. इसारा घेतल्याशिवाय तारीख देऊ नये. मोठे काम असेल तर अर्धे झाल्यावर एक हप्ता, आणि उरलेले पैसे शेवटचा पाला टेंपोत चढण्याआधी घ्यावेत. पण पैशासाठी अर्धी कापलेली फांदी लोंबती ठेवून निघून जाणे, असे काही लोक करतात, ते कधी करू नये. ती फांदी सेक्रेटरीवर पडणार नाही; खाली खेळणाऱ्या पोरावर पडेल.

एवढे करूनही कुणी पैसे बुडवलेच, तर आवाज चढवण्यापेक्षा लेखी मागणी करावी आणि पोच घ्यावी. केलेल्या कामाच्या पैशाचा दावा काम झाल्यापासून ३ वर्षांच्या आत करता येतो. १९८७ च्या कायद्याने विधी सेवा समित्या आहेत. अनुसूचित जातिजमातींच्या लोकांना आणि स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो, आणि लोकअदालतीत पुष्कळदा तडजोडही होते. मात्र तिथेही पहिला प्रश्न हाच येतो: काय ठरले होते, ते कुठे लिहिले आहे?

शिक्षकमित्रांनो, इथे तुमचे काम आहे. आठवीच्या वर्गात आपण आजारपणाच्या रजेचा अर्ज लिहून घेतो. त्याच्या जोडीला एकदा कामाचा करारही लिहून घ्या. अर्ध्या पानाचा पुरे. झाड कोणते आणि कुठे, किती फांद्या, कोणत्या खुणेच्या, परवानगीचा क्रमांक व तारीख, लाकूड, पाला, टेंपो कुणाकडे, किती पैसे आणि केव्हा, पाऊस आला तर काय, दोघांच्या सह्या. जव्हार-विक्रमगडकडचा मुलगा असा कागद लिहू शकला तर जेसल पार्कातल्या सेक्रेटरींसमोर तो उभा राहतो तेव्हा त्याला मान खाली घालावी लागत नाही, आणि सेक्रेटरींनाही त्याच्याशी नीट बोलावे लागते.

आणि जे गावातच आहेत त्यांनी हे शहरापुरते आहे असे समजू नये. गावांसाठी १९६४ सालचा वेगळा कायदा आहे. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, साग, खैर ही आणि यादीतली इतर झाडे स्वतःच्या बांधावरची असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. बांधावरच्या आंब्यावरून भाऊबंद भांडत असतील आणि त्यातला एक येऊन म्हणाला, "दादा, उद्या पहाटेच आटपून टाक," तर त्यालाही आधी तेच विचारावे: कागद कुठे आहे, आणि दुसऱ्या भावाला सांगितले आहे काय?