गिअरचा दांडा नुसताच फिरतो तेव्हा

आमच्या गटाची जुनी ओम्नी बिबडे-पापड घेऊन पारोळ्याहून धुळ्याला निघाली आणि वाटेतच गिअर पडेना. दांडा ताकातल्या रवीसारखा नुसता फिरत होता. "गिअरबॉक्स गेला," असं कुणी म्हणालं आणि आमच्या पोटात गोळा आला. बचतीचे पैसे त्यातच जाणार! माल काळीपिवळीत चढवून कसाबसा बाजार गाठला.

पण गिअरबॉक्स ठणठणीत होता. मोडला होता बुश. गिअरच्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत सळई किंवा केबल जाते. तिच्या सांध्यात अंगठीएवढा प्लास्टिकचा नाहीतर रबराचा बुश असतो. आपल्याकडच्या उन्हाने, धुळीने तो झिजतो, कडक होऊन तडकतो.

ओळखायचं कसं? गाडी सपाट जागी लावा. हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा, इंजिन बंद करून थंड होऊ द्या. एकीने क्लच दाबून दांडा हलवावा, दुसरीने बाजूने वाकून पाहावं. जॅकवरच्या गाडीखाली कुणी शिरू नये. दांडा हलतो पण सळई किंवा केबल हलत नाही, तर बहुधा बुशच गेला.

सांधा तारेने बांधून गाडी फार तर जवळच्या गॅरेजपर्यंत न्या. बाया बसवून किंवा घाटात नेऊ नका. मिस्त्रीला आधी बुश बघायला सांगा. गिअरबॉक्स खोलायचा म्हणाला तर कारण विचारा. जुना बुश परत मागा, बिल गटाच्या वहीत लावा.

आणि दांडा खडखडू लागला, रिव्हर्स अडू लागला, की लगेच दाखवा. गाडी बंद पडायची वाट पाहू नका.