उतारवयात बिऱ्हाड कोठे करावे?

महोत्सवी स्मरणिकेत शिक्षकाने लिहावयाचे ते शिक्षणावर, असा प्रघात आहे. आम्ही तो या वेळी मोडीत आहोत. कारण असे की, गेल्या काही वर्षांत ट्रस्टच्या कोणत्याही मेळाव्यास गेले तरी चहाच्या वेळी एकच प्रश्न कानी पडतो : "सर, रिटायर झाल्यावर इथेच राहायचे की गावाकडे जायचे?" हा प्रश्न आमच्या घराने एकदा चुकीचा सोडविलेला आहे, आणि चुकलेले गणित फळ्यावर मांडून दाखविणे हे तर आमचे कामच आहे.

प्रथम हा प्रश्न आपल्याच लोकांस इतका का छळतो ते पाहू. आपली बहुतेक घराणी मराठवाड्यातून नोकरीनिमित्त हैदराबादेस आली. त्या काळी गाव आणि राजधानी एकाच राज्यात होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपण येथेच राहिलो. तेव्हापासून आपले गाव एका राज्यात व पेन्शन दुसऱ्या राज्यात अशी स्थिती आहे. शहर वाढले, घरभाडी वाढली, रस्ता ओलांडणे म्हातारपणी संकट होऊन बसले, आणि मग निवृत्तीच्या सुमारास माणसाला लहानपणीचे कोरडे, मोकळे गाव आठवू लागते.

कोरड्या हवेची ही ओढ केवळ आपलीच नाही. अमेरिकेच्या नैर्ऋत्येस ॲरिझोना नावाचे वाळवंटी राज्य आहे. तेथील फिनिक्स शहराजवळ डेल वेब नावाच्या बांधकाम व्यावसायिकाने १ जानेवारी १९६० रोजी 'सन सिटी' ही खास निवृत्तांची वसाहत उघडली, तेव्हा पहिल्या तीन दिवसांत सुमारे एक लाख लोक ती पाहावयास आले. बर्फाच्या प्रदेशात सांधे आखडलेल्या वृद्धांना ऊन, सपाट रस्ते आणि समवयस्कांची सोबत हवी होती. घरात निदान एक माणूस ५५ वर्षांचे हवे, मुलांनी तेथे कायमचे राहावयाचे नाही, असे तेथील नियम आहेत. आपल्या अम्मी-अब्बांना हा दुसरा नियम वाचून दाखविला तर ते त्या वसाहतीस तुरुंगच म्हणतील!

आता आमच्या घरचे उदाहरण. अब्बा २००८ साली शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाले. मुंबईस काकांकडे गेले की त्यांना दम्याचा त्रास होई, लातूरला फुफूकडे गेले की छाती मोकळी होई. एवढ्या अनुभवावर त्यांनी २००९ साली हैदराबादचे दोन खोल्यांचे घर विकले आणि लातुरास घर घेतले. घर पाहावयास गेले ते डिसेंबरात. हवा गुलाबी, नळाला पाणी, दाराशी भाजीवाला. आम्ही त्या वेळी नवीनच नोकरीस लागलो होतो, बी.एड.चे प्रमाणपत्र हाती होते, पण अब्बांना चार प्रश्न विचारण्याचे धैर्य नव्हते.

पहिली काही वर्षे बरी गेली. पुढे दोन पावसाळे लागोपाठ बुडाले. लातूर शहराला पाणी पुरविणारे धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले. मार्च २०१६ मध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली, आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटर अंतर तोडून पाण्याची पहिली आगगाडी लातुरास पोहोचली. वर्तमानपत्रांतून तिची छायाचित्रे साऱ्या देशाने पाहिली. त्याच महिन्यात टँकरखाली लावलेली घागर उचलताना अम्मी पाय घसरून पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. जूनमध्ये आम्ही दोघांनाही हैदराबादेस आमच्या भाड्याच्या घरी आणले. लातूरचे घर दुष्काळात कोण घेणार? ते पुढे मिळेल त्या किमतीस गेले, आणि तेवढ्या पैशांत हैदराबादेस एक खोलीसुद्धा येईना. अब्बा २०२१ साली गेले. अखेरपर्यंत ते "माझ्या घरी" म्हणत ते विकलेल्या हैदराबादच्या घराला.

तेव्हा गाव निवडताना आम्ही पहिला प्रश्न पाण्याचा विचारतो. मराठवाड्यात पावसाळ्याची सरासरी सुमारे ६८० मिलिमीटर धरतात. फिनिक्सला वर्षाकाठी दोनशेच्या आसपास. म्हणजे आपण वाळवंटात नाही, हे खरे. पण तेथे १९८० च्या कायद्याने असे ठरविले की, फिनिक्ससारख्या भागांत नवी वसाहत बांधणाराने शंभर वर्षे पुरेल एवढे पाणी आधी दाखवावे. जून २०२३ मध्ये भूजल तितके पुरणार नाही असे दिसताच, केवळ भूजलावर विसंबणाऱ्या नव्या वसाहतींना परवानगी देणे तेथील सरकारने थांबविले. आपल्याकडे घर विकणारा काय दाखवितो? बोअर. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत. भेग लागली तर पाणी, नाही तर धूळ. खोल गेले म्हणजे पाणी लागतेच असे नाही, आणि आज लागलेली भेग शेजाऱ्याच्या नव्या बोअरने उद्या रिकामी होते. म्हणून विचारावयाचे ते असे : नगरपालिकेचे पाणी कोणत्या धरणातून येते, ते धरण २०१६ साली कोणत्या स्थितीत होते, मे महिन्यात नळ किती दिवसांआड येतो, आणि घराखाली हौद किती लिटरांचा आहे. उत्तर विकणाराकडून घेऊ नये. गल्लीतल्या बायकांकडून घ्यावे. त्या दिवस मोजून सांगतात.

आमच्या पूर्वजांना हे कळत होते असे वाटते. मलिक अंबराने सतराव्या शतकात शहर वसविताना जमिनीखालून नहर आणला. औरंगाबादची पाणचक्की अशाच नहरीच्या पाण्यावर फिरे. बिदरला नौबादजवळ जुनी कारेज आहे. आधी पाणी, मग वस्ती, हा त्यांचा क्रम.

पाण्याला लागूनच उन्हाचा विचार येतो. कोरडी उष्णता सोसते, घामाची चिकचिक नाही, हे अब्बांचे म्हणणे खोटे नव्हते. परंतु उतारवयात तहान कमी लागते, घाम उडून जातो तो कळत नाही, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या शरीरातील पाणी आणखी कमी करतात. कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो, हेही खरे. पण कूलरला पाणी लागते, आणि ते नेमके त्याच दोन महिन्यांत, ज्या वेळी पिण्याचे मिळत नाही! २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्सला लागोपाठ ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर होता. त्या वर्षी तेथील मॅरिकोपा परगण्यात उष्म्याशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले. विजेची कमतरता नसलेल्या देशाची ही कथा. आपण निदान समुद्रसपाटीपासूनची उंची तरी पाहावी. हैदराबाद सुमारे ५४० मीटरवर, छत्रपती संभाजीनगर सुमारे ५७० वर, नांदेड अवघे ३६० च्या आसपास. बिदर या सर्वांहून उंच. तेथील रात्री सुखाच्या असतात.

आता गावांविषयी दोन शब्द. संभाजीनगरास मोठे सरकारी रुग्णालय आहे, लोक ज्याला घाटी म्हणतात ते. पाणी पैठणच्या जायकवाडीतून येते. परंतु धरण भरलेले असतानाही नळ कित्येक दिवसांआड आलेले आम्ही पाहिले आहेत, आणि हैदराबादपासून अंतर साडेपाचशे किलोमीटरच्या घरात. नांदेडला गोदावरी आहे, विष्णुपुरीचा बंधारा आहे, सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, मराठी आणि उर्दू दोन्ही बाजारात चालतात, आणि मुलांना एका रात्रीत येता येते. ऊन मात्र कडक, आणि नदीकाठची सखल वस्ती पुरामुळे टाळावी. सोलापूर सुमारे तीनशे किलोमीटर, रस्ता व रेल्वे दोन्ही चांगली. उदगीर जवळ व स्वस्त, पण मोठ्या आजारास लातूर किंवा हैदराबाद गाठावे लागते. बिदर हवेने उत्तम, मराठीही चालते, पण कर्नाटक सरकारचे कागद कन्नडमध्ये. म्हातारपणी नवी लिपी शिकण्याची हौस असेल त्यांनी जावे.

कागदांचे म्हणाल तर, पेन्शनचा हयातीचा दाखला आता बोटाच्या ठशावर कोठूनही देता येतो, ती अडचण गेली. पण नोकरीबरोबर आलेले आरोग्यकार्ड राज्याबाहेरच्या रुग्णालयात चालेल काय, हे जाण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत उपचार मिळण्याची सोय झाली आहे आणि ती दुसऱ्या राज्यातही चालते. मात्र गावातील कोणते रुग्णालय त्या यादीत आहे ते पाहावे. महाराष्ट्राच्या एसटीत ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास फुकट झाला. तेलंगणात डिसेंबर २०२३ पासून बायकांना फुकट झाला. आधारवरचा पत्ता बदलला की एक सवलत मिळते, दुसरी जाते. रेल्वेतील ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, तेव्हा ये-जा करण्याचा खर्च पूर्ण भाड्याने धरावा.

घराविषयी आमचे मत कडक आहे. शहरातील घर विकू नये. भाड्याने द्यावे आणि त्या भाड्यात गावी भाड्याने राहावे. मुलांच्या नावे करून द्यावयाचेच असेल तर दस्तात 'सांभाळ करण्याच्या अटीवर' हे शब्द असावेत. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या २३ व्या कलमानुसार अट मोडल्यास असे बक्षीसपत्र न्यायाधिकरणाकडून रद्द करून घेता येते. अट लिहिलेलीच नसेल तर भांडण लांबते. हे लिहिताना आम्हांला संकोच होतो, कारण वाचकांत मुलेही आहेत. पण अट लिहिल्याने चांगल्या मुलाचे काही बिघडत नाही. नवी वसाहत पाहणारांनी हेही ध्यानात ठेवावे की, महारेराने २०२४ साली निवृत्तांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम केले आहेत : चाकाची खुर्ची जाईल अशी रुंद दारे, उतार, लिफ्ट, न घसरणारी फरशी. जाहिरातीत 'ज्येष्ठांसाठी' लिहिलेले असेल तर ही दारे टेपने मोजावी.

शेवटी माणसांचा विचार, जो अब्बांनी सर्वांत कमी केला. त्यांना वाटले, लातूर म्हणजे लहानपणीचे सवंगडी. प्रत्यक्षात निम्मे पुण्यास मुलांकडे गेले होते, काही कबरस्तानात होते. फुफू होती, पण तीही सत्तरीची. हैदराबादेत मगरिबनंतर मशिदीच्या पायरीवर बसून ज्यांच्याशी ते अर्धा तास वाद घालीत, ती चार माणसे लातुरात कोठून आणावी? अम्मी पडल्या त्या रात्री रिक्षा बोलावणारा शेजारी पंधरा दिवसांपूर्वी राहावयास आलेला एक विद्यार्थी होता. देवाची कृपा म्हणून तो जागा होता.

आम्हां उभयतांच्या निवृत्तीस अजून पंधरा-सोळा वर्षे आहेत. शाळेला सुट्टी लागली की येत्या मे महिन्यात नांदेडला पाच आठवडे घर भाड्याने घेऊन राहावयाचे ठरविले आहे. डिसेंबरात नव्हे, मेमध्येच. वही बरोबर नेणार आहोत : नळ कधी आला, वीज किती वेळ गेली, दवाखान्यात नंबर किती वेळाने लागला, हे रोज लिहावयाचे. अम्मीही येणार आहेत. त्यांनी एकच अट घातली आहे, नळ तळमजल्यावर हवा.