विळ्याची मूठ हाताला बसती कशी करायची?

मैत्रिणींनो, भात पिवळं पडायला लागलं की आपण पात्याची धार बघतो, मूठ मात्र कोणी बघत नाही. दिवसभर हात असतो तो मुठीवर. मूठ बसती नसेल तर पहिल्याच दिवशी तळव्याला फोड येतो आणि पुढचे दिवस मोडतात.

आपल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा दातेरी वैभव विळा आंजर्ल्यात माहीत आहेच. त्याने जमिनीलगत कापलं की खोडकिड्याच्या अळ्या धसकटात कमी उरतात. पण अगदी खाली वाकून विळा ओढायचा म्हणजे पकड घट्ट हवी. बाजारातली मूठ सगळ्यांना एकच. हात मात्र प्रत्येकीचा वेगळा.

आधी माप बघा. मूठ धरल्यावर अंगठ्याचं टोक मधल्या बोटाच्या टोकाला जेमतेम टेकलं पाहिजे. साधारण 3 ते 4 सेंटीमीटर जाडी आणि 12 सेंटीमीटर लांबी पुरते. मूठ आखूड असली तर तिचं टोक तळव्यात रुततं.

आकार अगदी गोल नको, अंड्यासारखा थोडा चपटा ठेवा. गोल मूठ हातात फिरते आणि पातं वाकडं जातं. मागचं टोक जरा जाड राहू दे, म्हणजे ओढताना हात निसटत नाही. बोटांसाठी खाचा मात्र करू नका. त्या एकीच्या हाताला बसतात आणि दुसरीला टोचतात.

आता काम. मूठ हलत असेल तर आधी लोहाराकडून पक्की करून घ्या. पात्याला जाड फडकं घट्ट गुंडाळा. तळव्याला कोळशाची पूड चोळून मूठ आवळा. जिथे डाग गडद उठेल तिथे ती टोचते. तेवढंच कानसीने घासा आणि पुन्हा धरून बघा. घाई नको, गेलेलं लाकूड परत येत नाही! शेवटी पॉलिश पेपर फिरवून जवसाचं तेल मुरवा. व्हार्निश नको, घामाने हात सटकतो. मूठ बारीकच असेल तर जुन्या सुती लुगड्याची पट्टी घट्ट गुंडाळा.

एक कानस गटात सगळ्यांना पुरते. कापणीआधीच्या बैठकीला प्रत्येकीने आपापला विळा घेऊन या.