फिल्टरची कॅण्डल कधी धुवावी, कधी बदलावी?

जुलाब झालेल्या मुलाला घेऊन पालक दवाखान्यात आले की मी आधी विचारतो, “पाणी कुठले पिता?” उत्तर बहुधा ठरलेले असते, “डॉक्टर, घरात फिल्टर आहे.” मग मी विचारतो, “कॅण्डल शेवटची कधी धुतली?” यावर मात्र नवरा-बायको एकमेकांकडे पाहू लागतात.

आपल्या भागात हा प्रश्न महत्त्वाचा आहे. बारामतीला नीरा डाव्या कालव्याचे पाणी साठवून पुरवले जाते आणि पावसाळ्यात ते गढूळ होते. इंदापूर तालुक्यात उजनीचा फुगवटा आहे. पुणे, पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी नद्यांतून त्यात येते, आणि उन्हाळ्यात पाण्यावर हिरवा तवंग दिसतो. वाड्यावस्त्यांवर विहिरीचे किंवा बोअरचे पाणी असते.

कॅण्डलच्या अतिसूक्ष्म छिद्रांतून पाणी झिरपते. गाळ आणि बरेचसे जंतू बाहेर अडकतात. हळूहळू त्यावर बुळबुळीत थर साचतो व त्यातच जंतू वाढू लागतात. म्हणूनच कॅण्डल आठवड्यातून एकदा स्वच्छ करावी.

वाहत्या पाण्याखाली स्वच्छ ब्रशने हलके घासावी. साबण किंवा धुण्याची पावडर लावू नये. ती छिद्रांत शिरते. नंतर साधी कॅण्डल वीस मिनिटे पाण्यात उकळावी. आत कोळसा भरलेली असल्यास माहितीपत्रक पाहावे. फिल्टरची तोटी व खालचे भांडेही धुवावे. वर ओतण्याचे पाणी चौपदरी कापडाने गाळून घेतल्यास कॅण्डल लवकर तुंबत नाही.

धुऊनही थेंब मंदच पडत असतील, किंवा घासून घासून कॅण्डल बारीक झाली असेल, तर ती बदलावी. उलट पाणी एकाएकी भरभर पडू लागले तर आनंद मानू नये. बहुधा कॅण्डलला तडा गेलेला असतो किंवा वायसर सैल असतो. भिजलेली कॅण्डल पाण्यात बुडवून नळीतून फुंकावे. एकाच जागेहून मोठे बुडबुडे आले तर ती टाकूनच द्यावी. नवी बसवलेली तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी.

घरात माशांची पेटी असेल तर तेथील नियम वेगळा. तिच्या फिल्टरमधील स्पंजावर वाढणारे जंतू माशांच्या मलमूत्रातील विषारी अमोनियाचे रूपांतर करतात. तो स्पंज नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने न धुता पेटीतूनच काढलेल्या पाण्यात पिळावा आणि फाटेपर्यंत वापरावा. एकाच वेळी सगळे भरण बदलू नये. मात्र हे काम स्वयंपाकघरात करू नये, दोन्हींसाठी एकच ब्रश वापरू नये आणि हाताला जखम असल्यास हातमोजे घालावेत.

कॅण्डलची मर्यादाही ध्यानात घ्यावी. पाण्याचा खारेपणा ती घालवत नाही आणि काविळीचे विषाणू तिच्या छिद्रांहूनही लहान असतात. दिल्लीत १९५५-५६ साली यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळले. क्लोरीन वाढवल्याने विषमज्वर फैलावला नाही, पण सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ती ‘हिपॅटायटिस ई’ची होती, हे पुढे साठवलेल्या रक्ताच्या तपासणीतून कळले. ही कावीळ गरोदर स्त्रीच्या जिवावर बेतू शकते. म्हणून पावसाळ्यात, साथीच्या दिवसांत, आणि घरात गरोदर स्त्री किंवा तान्हे मूल असल्यास पाणी गाळून उकळावेच. खळखळ उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरते. नंतर झाकून थंड करावे.

विजेवर चालणाऱ्या यंत्रांनाही हाच न्याय लागू आहे. अतिनील दिवा पेटलेला दिसला तरी त्याची जंतू मारण्याची शक्ती काळाने घटते. माहितीपत्रकातील मुदत संपली की तो बदलावा.

पाणी नितळ दिसते म्हणून ते निर्धोक समजू नका. आज घरी गेल्यावर फिल्टरचे झाकण उघडा आणि कॅण्डलवरून बोट फिरवून पाहा. बोटाला बुळबुळीत लागले तर रविवारची वाट पाहू नका.